गाव सोडल्यावर लागलेले आडनाव

पहिला दिवस : येवला ते नाशिक

माझे माहेरचे आडनाव खटावकर. घराणे निदान सहा पिढ्यांपासून येवल्यात आहे, आणि सातारा जिल्ह्यातले खटाव आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलेले नव्हते. घरात सांगत आलेली हकीकत अशी की, शाहू महाराजांच्या काळात मोगलांची बाजू धरून राहिलेल्या कृष्णराव खटावकरांच्या पदरी आमचे पूर्वज शिलेदार होते आणि धन्याचे आडनाव पुढे त्यांना लागले. या हकीकतीला पुरावा म्हणून देवघरातला एक दगड दाखवला जाई. वीतभर लांबीचा, काळाभोर, तेलाने तुकतुकीत झालेला तो दगड दरवर्षी खंडेनवमीला पाटावर मांडून त्याची शस्त्रांबरोबर पूजा होते, कारण पूर्वजांनी त्यावर तलवारीला धार लावली असे सगळे मानत आले आहेत.

माझे थोरले काका, म्हणजे आमचे तात्या, आता ८१ वर्षांचे आहेत. या हकीकतीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मी मात्र दोन वर्षे छापील वंशावळी आणि निवडक कागदपत्रांचे खंड चाळूनही खटाव गावात खटावकर नावाचे आमचे घर कुठेच सापडत नसल्याने अडून बसले होते. कृष्णरावांचा बाळाजी विश्वनाथांनी पराभव केला, तो त्यांना १७१३ साली पेशवेपद मिळण्यापूर्वी. त्या घटनेपासून आमच्या माहीत असलेल्या पहिल्या पूर्वजापर्यंत सुमारे सव्वाशे वर्षे मध्ये जातात, आणि त्या काळातले एकही नाव कोणाला ठाऊक नव्हते. तात्यांच्या प्रकृतीला झेपेल तोवर एकदा माग काढायचाच असे ठरवून आम्ही मंगळवारी सकाळी निघालो. गाडी चालवायला पुतण्या होता. दगड तात्यांनी पंच्यात गुंडाळून बरोबर घेतला होता. खटावच्या ग्रामदैवताच्या पायाशी तो एकदा ठेवावा अशी त्यांची इच्छा होती.

विंचूर, निफाड ओलांडून अकराच्या सुमारास नाशिकला पोहोचलो आणि थेट रामकुंडाजवळच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात गेलो. नाशिकच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या नामावळ्या हा महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाच्या वंशावळीचा सर्वांत मोठा ठेवा आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. राजदरबारच्या कागदात ज्यांचे नाव येण्याचे कारण नव्हते, ती माणसेही अस्थी घेऊन किंवा यात्रेला म्हणून गोदावरीवर आली आणि आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे, मुलांचे नाव व गाव लिहून गेली. आडनाव, जात आणि गाव यांवरून वह्या लावलेल्या असतात आणि कोणत्या आडनावाचे उपाध्याय कोण हे पिढीजात ठरलेले असते.

गुरुजींनी लाल कापडातली लांबट वही काढली, वरच्या बाजूने उलगडली आणि आम्ही नव्याकडून जुन्याकडे जाऊ लागलो. शके १८३३ ची, म्हणजे १९११ सालची नोंद माझ्या पणजोबांच्या हातची होती. आडनाव खटावकर, वस्ती येवले. त्याआधीची शके १८०९ ची, म्हणजे १८८७ ची नोंद त्यांच्या वडिलांची. तेथे आडनावाच्या जागी 'पोतदार ऊर्फ खटावकर' असे होते. आणखी मागे, कडेने कसरीने खाल्लेल्या एका पानावर, शके १७८२ ची, म्हणजे १८६० ची नोंद मिळाली. ती तात्यांच्या खापरपणजोबांची होती. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून आम्ही ज्यांचे फक्त नाव ऐकून होतो, त्यांचे मोडी अक्षर आमच्यासमोर होते. आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतलेली, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लावलेली, आणि 'येवले' या शब्दापाशी शाई संपत आल्याने फिकट झालेली ओळ. आईच्या अस्थी घेऊन ते आले होते. वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, एका धाकट्या भावाचे नाव आणि तो खटावीच राहत असल्याचा उल्लेख त्यात होता. मूळ गाव कसबे खटाव, हल्ली वस्ती कसबे येवले. आडनाव एकच : पोतदार. ज्या आईसाठी ते इतक्या लांब आले, तिच्या जागी मात्र फक्त 'मातोश्री' एवढाच शब्द होता.

मी दहा दिवसांच्या वर्गात मोडी शिकले आहे. तेवढ्यावर विसंबायला नको म्हणून गुरुजींना ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. त्यांनीही पोतदार असेच वाचले. वहीचे छायाचित्र काढण्याचा तेथे रिवाज नसल्याने मी तिन्ही नोंदी हाताने उतरवून घेतल्या. निघताना गुरुजींनी आमची नवी नोंद घालण्यासाठी वही पुढे केली, पण तात्या म्हणाले, "परत येताना लिहू." वाड्याबाहेर आल्यावर ते बराच वेळ घाटाच्या पायरीवर बसून राहिले.

दुसरा दिवस : पुणे

सिन्नर, संगमनेर, नारायणगाव या वाटेने पुणे गाठून बुधवारी दुपारी आम्ही पुणे पुराभिलेखागारात पोहोचलो. परवानगीचा अर्ज आधीच केलेला होता. पेशवे दफ्तर म्हणून जे ओळखले जाते ते येथेच आहे, आणि रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून संपादित केलेले ४५ खंड अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. इनाम कमिशनच्या चौकशीत, १८५२ च्या अकराव्या कायद्याखाली, वतनदारांना आपापले हक्क शाबीत करावे लागले, आणि त्यासाठी त्यांनी लिहून दिलेल्या कैफियती व वंशावळी हाही शोध घेणाऱ्याला मोलाचा भाग आहे.

एका दुपारी तेथे स्वतःच्या घराण्याचे नाव सापडेल अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही, आणि ते सापडलेही नाही. खटावकडच्या वसुलाच्या हिशेबांचा एक रुमाल पाहायला मिळाला. ज्या कापडात कागद बांधून ठेवतात त्यालाच रुमाल म्हणतात. गाठ सोडली की जुन्या कागदाचा कोरडा वास येतो. मोडी सफाईने वाचणाऱ्या एका अभ्यासक बाई शेजारच्या टेबलावर होत्या, त्यांनी आपले काम बाजूला ठेवून आम्हाला मदत केली. हिशेबावर सन होता, 'इहिदे अशर मयातैन व अलफ'. अरबी शब्दांत लिहिलेला हा सुहूर सन : एक, दहा, दोनशे आणि हजार, म्हणजे १२११. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८१० येतो. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत.

त्या एका कागदाने मला जे समजले ते आडनावांच्या कोणत्याही यादीतून समजले नसते. वसुलाची रक्कम त्यात एका आकड्यात लिहिलेली नव्हती. अमुक रुपये चांदवडी, अमुक अंकुशी, अशी नाण्यांची फोड केलेली होती आणि प्रत्येकापुढे बट्टा, म्हणजे घट, लावून खरी किंमत काढलेली होती. त्या काळी एकाच बाजारात वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालत. कोणाची चांदी उतरलेली, कोणाचे वजन झिजलेले, कोणाचा काठ कोरलेला. शेतकऱ्याने आणलेला रुपया सरकारात किती धरायचा, हे नाणे वाजवून, तोलून, घासून सांगणारा माणूस म्हणजे पोतदार. पोत म्हणजे खजिन्यात भरायची वसुलाची रक्कम, आणि फारसीतल्या फोतेदार या शब्दावरून पोतदार हा शब्द आपल्याकडे आला. फडणीस, चिटणीस, पारसनीस या आडनावांतला 'नीस' जसा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, तसाच हाही कामावरून पडलेला शब्द. गावोगावी हा मान बहुधा सोनाराकडे असे, आणि बलुतेदारांच्या काही याद्यांत पोतदाराची गणना झालेली आढळते.

तात्या शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "हे काम पुढे बंद का पडले?" त्या बाईंनी सांगितले ते साल १८३५ होते. कंपनी सरकारने त्या वर्षी सर्व मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा एकच रुपया ठरवला. जुनी नाणी लगेच गेली नाहीत, पण ती जसजशी आटली तसतसे बट्ट्याचे कारण संपत गेले, आणि बट्टा नसेल तेथे पोतदाराला विचारायचे कोणी? आमचे मूळ पुरुष १८६० पूर्वी खटाव सोडून येवल्याला आले. येवल्यात पैठणीचे माग होते, पैठणीला जर लागते, आणि सोन्याचांदीचा कस ओळखणाऱ्या माणसाला तेथे भाकरी मिळण्यासारखी होती. चांदवडही येवल्याहून फार लांब नाही, आणि चांदवडी रुपया त्यांच्या हातून शेकडो वेळा गेलेला असणार. त्यांनी गाव का सोडले याचा हा माझा तर्क आहे, आणि मी तो तर्क म्हणूनच येथे लिहिते आहे. पण पदरच्या शिलेदारीच्या हकीकतीपेक्षा तो मला आमच्या माणसांच्या स्वभावाशी जास्त जुळणारा वाटला. आमच्या घरात तलवार कधीच नव्हती, तराजू मात्र नेहमी होता.

तिसरा दिवस : पुणे ते वडूज

खंबाटकी घाट, सातारा, कोरेगाव, मग वर्धनगडाच्या पायथ्याचा घाट चढून पुसेगाव. घाटाच्या पलीकडे मुलूख एकदम बदलतो. हवा कोरडी होते, टेकड्या उघड्या पडतात आणि विहिरींवर लक्ष जाऊ लागते. खटाव हे तालुक्याचे नाव असले तरी कचेरी वडूजला आहे, त्यामुळे आम्ही खटाव गाव ओलांडून आधी वडूजला गेलो. गाव गाडीच्या काचेतून मागे जात असताना तात्यांनी हात जोडले.

अभिलेख कक्षात अर्ज दिला, शुल्क भरले, आणि तेथल्या कर्मचाऱ्यांनी फार आपुलकीने जुनी पाने काढून दिली. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा आहे. त्यानंतरच्या फेरफारांच्या नोंदवहीत मला खटावकर शोधायचेच नव्हते. नाशिकच्या वहीतून धाकट्या भावाचे नाव उतरवून घेतले होते, त्या नावाचा मुलगा शोधायचा होता. जुन्या नोंदी 'अमुक बिन अमुक' अशा असतात, त्यामुळे बापाचे नाव आपोआप हाती येते, आणि बायकांच्या नावापुढे 'कोम' लावून नवऱ्याचे नाव असते. तासाभराने एका जीर्ण पानावर ते दोन शब्द भेटले : धाकट्या भावाचे नाव 'बिन' च्या पुढे, मागे त्याच्या मुलाचे, आणि शेवटी आडनाव पोतदार. जमिनीचा तुकडा लहान होता आणि त्याच्या वर्णनात 'पोतदाराची पट्टी' असा शब्द होता.

त्या पानावर बोट ठेवून बसले असताना, दोन वर्षे मी कुठे चुकत होते ते मला उमगले. खटाव गावात खटावकर सापडणारच नव्हते. गावात सगळेच खटावचे. तेथे माणूस ओळखला जातो तो कामाने, वतनाने, आळीने किंवा अंगच्या एखाद्या खुणेने. 'कर' हा प्रत्यय लागतो तो वेशीबाहेर पडल्यावर, परगावच्या लोकांच्या तोंडून. येवल्यातल्या लोकांना हा कोण पोतदार याच्याशी कर्तव्य नव्हते; तो कुठून आला एवढे त्यांना पुरे होते. १८६० साली नाशिकला आलेल्या माणसाने स्वतःला पोतदारच लिहिले. त्याच्या मुलाने दोन्ही नावे लिहिली, कारण त्याला बापाचे नाव आणि बाजारातले नाव अशी दोन्ही सांभाळायची होती. नातवाच्या वेळी बाजारातले नाव उरले. मागे राहिलेल्या भावाचे घर पोतदारच राहिले. एका आईची दोन मुले दोन आडनावांची घराणी झाली, आणि तिसऱ्या पिढीनंतर एकमेकांना ओळखण्याची खूणही उरली नाही. आपल्याकडे हजारो घराण्यांचे असेच झाले असणार, आणि ज्यांचे आडनाव गावावरून आहे त्यांनी त्या गावात आपले आडनाव शोधू नये, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

चौथा दिवस : खटाव

येरळा नदीला पाणी बेताचेच होते. ग्रामदैवताचे दर्शन घेऊन, दगड क्षणभर पायरीवर ठेवून उचलला, आणि मग पोतदारांच्या घराची चौकशी केली. लोकांनी आम्हाला एका वृद्ध सोनारांच्या दुकानात बसवले. पोतदारांचे घर त्यांना ठाऊक होते. त्या घरची माणसे तीस-चाळीस वर्षांपूर्वी सांगलीकडे गेली, घर बंद आहे, वर्षातून एकदा कोणीतरी येऊन दिवा लावून जाते, असे ते म्हणाले. फोन नंबर मिळेल का असे विचारल्यावर त्यांनी नातवाला मिळवून ठेवायला सांगितले.

बोलता बोलता त्यांची नजर तात्यांच्या मांडीवरच्या पंच्याकडे गेली. तात्यांनी दगड काढून त्यांच्या हातात दिला आणि तलवारीची हकीकत सांगितली. सोनार आजोबांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग दगड उजेडाकडे धरून त्याच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, धारेच्या दगडाचा काठ शाबूत राहत नसतो. ह्याचे चारी काठ शाबूत आहेत, आणि मधे बघा कसा खोलगट झालाय."

त्यांनी रिठ्याचे पाणी घेतले आणि कापडाने दगड पुसायला सुरुवात केली. तेलाचा आणि कुंकवाचा इतक्या वर्षांचा थर चटकन निघेना. तीन वेळा पाणी बदलले, तेव्हा खालचा दगड दिसू लागला, मऊ काळा, पाटीपेक्षाही गडद. वाळल्यावर त्यांनी तात्यांच्या बोटातली अंगठी मागितली. तात्यांनी ती लग्नानंतर कधी काढलेली नव्हती. साबण लावून ती निघाली. आजोबांनी अंगठीची कड दगडावर एकदाच, हलक्या दाबाने ओढली. अर्ध्या इंचाची एक पिवळी रेघ उमटली आणि उजेडात चमकली. "हा कस," ते म्हणाले. "ही कसोटी आहे. तुमच्या घरात सोन्याचांदीची पारख होती."

कस लागणे, कसोटीला उतरणे, हे शब्द आपण रोज वापरतो. ती रेघ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी दगड हातात घेतला, मधल्या खोलगट भागावर बोट ठेवले आणि ते तसेच ठेवून बसले. ज्या हकीकतीवर ते ऐंशी वर्षे वाढले ती मोडल्याचे त्यांना वाईट वाटेल, अशी मला दोन दिवस धास्ती होती. थोड्या वेळाने त्यांनी आजोबांना विचारले ते एवढेच, की चांदीचा रुपया पारखताना दगड कोणत्या हातात धरत. आजोबांनी त्यांच्याच हातात दगड नीट बसवून दाखवले.

निघण्यापूर्वी बंद घरापर्यंत जाऊन आलो. मातीच्या भिंती, दाराला साखळी, उंबऱ्याशी वाळलेल्या फुलांची पत्री. तात्यांनी उंबऱ्याला हात लावून डोळ्यांना लावला. सांगलीचा नंबर नातवाने संध्याकाळी पाठवला. तिकडून फोनवर एक बाई बोलल्या. येवल्याला कोणी गेल्याचे त्यांना माहीत नव्हते, पण त्यांच्या सासूबाई 'थोरली पाती', म्हणजे घराण्याची थोरली शाखा, 'गोदेकडे गेली' असे म्हणत, हे त्यांना आठवले. दसऱ्यानंतर दोन्ही घरांनी खटावला भेटायचे ठरले.

पाचवा दिवस : परत नाशिकमार्गे

शनिवारी पहाटे निघून दुपार टळता टळता नाशिकला आलो. गुरुजींनी वही तयार ठेवली होती. तात्यांनी नोंद सांगायला सुरुवात केली : स्वतःचे नाव, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे, मुलांचे, आडनाव खटावकर, आणि मग, स्पष्ट आवाजात, मूळ आडनाव पोतदार, मूळ गाव कसबे खटाव, थोरली पाती. धाकट्या पातीच्या घराचाही उल्लेख करून ती सांगलीकडे असल्याचे लिहायला त्यांनी सांगितले, म्हणजे पुढे कोणी शोधत आले तर त्याला दोन्ही धागे एका जागी मिळतील.

नोंद पुरी होत आली तेव्हा त्यांनी माझे नाव सांगितले. गुरुजींची लेखणी थांबली. लग्न झालेल्या मुलींची नोंद सासरच्या वहीत असते, हे त्यांनी नम्रपणे सांगितले, आणि रिवाज म्हणून ते बरोबरच होते. तात्या म्हणाले, "हा शोध तिने लावला. तिचे नाव येथे हवे. आमच्या मूळ पुरुषांच्या आईचे नाव कोणी लिहिले नाही, म्हणून ते आज आम्हाला ठाऊक नाही."

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि ओळीत जागा ठेवून विचारले, "ताई, आडनाव कोणते लिहू?" मी सासरचे सांगितले, मग खटावकर, मग पोतदार. त्यांनी तिन्ही लिहिली.